बॅटरीचे स्थलांतर आणि हीटरची गच्छंती

उत्तरेस वैतरणेची खाडी, दक्षिणेस उल्हास नदीच्या मुखाशी पसरलेली वसईची खाडी, पश्चिमेस अरबी समुद्र आणि पूर्वेस तुंगारेश्वराचा डोंगर, अशा चतुःसीमेत वसलेल्या वसई-विरारच्या मुलखात जो गृहस्थ जुनी मोटार हौसेने बाळगतो, त्याने तिची डागडुजी हाती घेतली की त्याच्या मनात दोन बेत हटकून येतात. बॉनेटखालच्या तप्त आणि दाटीवाटीच्या जागेतून बॅटरी काढून ती मागे डिकीत नेऊन बसवावी, हा पहिला. आणि जेथे उबेची गरज सहसा भासतच नाही तेथे डॅशबोर्डाखाली अडगळीसारखा बसलेला हीटर एकदाचा उपटून टाकावा, हा दुसरा. दोन्ही बेत सकृद्दर्शनी इतके समंजस वाटतात की वालीव-गोखिवऱ्याकडच्या औद्योगिक गाळ्यांत बसणारा एखादा मिस्त्रीही त्यांस सहसा हरकत घेणार नाही. तथापि जुन्या यंत्रातील कोणताही भाग हलवण्यापूर्वी तो तेथे कोणी, कोणत्या हवेसाठी आणि कोणत्या गरजेपोटी बसवला होता याची चौकशी करणे हे सुज्ञपणाचे असल्यामुळे, या दोन्ही बेतांचा जमाखर्च येथे थोडा विस्ताराने मांडण्याचे योजिले आहे.

आपल्याकडे जुनी मोटार म्हटली की जी आकृती प्रथम डोळ्यांपुढे येते ती फियाटची. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. आरंभी अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीच्या परवान्याने डॉज, प्लिमथ आणि डिसोटो या गाड्यांची जुळणी तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात होत असे, आणि १९५०च्या दशकात इटलीतील फियाटशी झालेल्या कराराने ११०० या मालिकेच्या गाड्या तेथे तयार होऊ लागल्या. १९६४ च्या सुमारास आलेली ‘११०० डिलाइट’ हीच गाडी पुढे ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ आणि नंतर ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावांनी, आतील यंत्ररचना मुख्यतः तीच ठेवून, विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत बनत राहिली. १०८९ घन सेंटिमीटरचे चार सिलिंडरांचे इंजिन, सुकाणूच्या दांड्यावर बसवलेला गिअर आणि सुमारे ८९५ किलो वजन अशी तिची ठेवण. मुंबईत पद्मिनी टॅक्सीची शेवटची नोंदणी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली आणि टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा असल्याने ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस काळ्यापिवळ्या पद्मिनीचा अंमल संपला. खाजगी मालकीच्या पद्मिनींना मात्र हा हुकूम लागू नव्हता. त्यामुळे त्यांतील जपून ठेवलेल्या गाड्यांस आता हौशी मंडळींच्या दरबारात मानाचे स्थान मिळू लागले आहे.

ही गाडी मूळची तुरिन शहराची. आल्प्स पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या त्या नगरीत हिवाळ्यात पारा शून्याच्या आसपास घोटाळतो. तेव्हा तेथील अभियंत्याने गाडीत हीटर बसवला तो चैनीखातर नव्हे हे उघड आहे. बॅटरी पुढे ठेवण्यामागेही तसाच व्यवहार होता. इंजिन सुरू करणारा स्टार्टर क्षणभरात प्रचंड विद्युत्प्रवाह ओढतो, म्हणून त्याच्यापासून बॅटरी जितकी जवळ तितकी तांब्याची तार आखूड, आणि तार आखूड असली की खर्च आणि विजेची गळती दोन्ही कमी. जेथे ही सोय जुळली नाही तेथे अभियंत्यांनी बॅटरीला अन्यत्र जागा दिली. फोक्सवॅगनच्या बीटलमध्ये इंजिन मागे असल्याने बॅटरी मागच्या आसनाखाली गेली, आणि आसनाची तारेची स्प्रिंग दबून बॅटरीच्या टोकांना टेकल्यास आग लागते हा धडा तिच्या मालकांना कायम लक्षात ठेवावा लागला. १९५९ साली आलेल्या ब्रिटिश मिनीत इंजिन आडवे बसवून पुढची जागा इतकी काटकसरीने वापरली होती की बॅटरीला डिकीच्या तळाशी जावे लागले. म्हणजे बॅटरीचे स्थलांतर ही कल्पना पाखंडी मुळीच नाही. मात्र ज्यांनी ती कारखान्यातच अमलात आणली त्यांनी तार, पत्रा आणि झाकण यांची तजवीज तिच्याबरोबरच केली होती, हे विसरता कामा नये.

आता स्थलांतराच्या बाजूने काय बोलता येईल ते पाहू. फ्रान्समधील गास्तों प्लांते याने १८५९ साली शोधलेली शिशाची आणि गंधकाम्लाची बॅटरी आजही तत्त्वतः तीच आहे. तिच्या प्रत्येक कोठ्यात सुमारे २.१ व्होल्ट दाब निर्माण होतो आणि असे सहा कोठे एकापुढे एक जोडले की पूर्ण भारलेल्या स्थितीत १२.६ व्होल्ट मिळतात. ही सारी रासायनिक क्रिया असल्यामुळे तिच्यावर उष्णतेची सत्ता चालते. तापमान दहा अंशांनी वाढले की अशा क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो, हा रसायनशास्त्रातील ढोबळ ठोकताळा आहे. आणि जी क्रिया बॅटरीतील पत्र्यांची झीज करते तिलाही तो लागू पडतो. मे महिन्याच्या दुपारी घोडबंदर फाट्याच्या कोंडीत तासभर अडकलेल्या गाडीच्या बॉनेटखाली साठ-सत्तर अंशांची धग सहज असते, आणि अशा धगीत कोठ्यांतील पाणी उडून जाते, पत्रे उघडे पडतात आणि बॅटरी आपल्या मुदतीच्या कितीतरी आधी मान टाकते. थंड देशांत बॅटरीचा वैरी हिवाळा मानला जातो. आपल्या किनारपट्टीवर तो मान उन्हाळ्याकडे जातो. डिकी उन्हात तापत नाही असे नव्हे, पण तेथे इंजिनाची धग नसते, आणि या एकाच कारणासाठी स्थलांतराचा बेत विचारार्ह ठरतो. वातानुकूलन यंत्र बसवण्यासाठी पुढे जागा हवी असणे हे दुसरे, तितकेच व्यावहारिक कारण होय.

याउलट, गाडीचा तोल सुधारावा म्हणून बॅटरी मागे न्यावी, हा जो युक्तिवाद शर्यतींच्या जगातून आपल्याकडे आला आहे, तो पद्मिनीसारख्या कौटुंबिक गाडीच्या बाबतीत आकड्यांच्या कसोटीवर टिकत नाही. पद्मिनीच्या पुढच्या आणि मागच्या आसांमधील अंतर २३४० मिलिमीटर आहे. बारा-तेरा किलोची बॅटरी सुमारे अडीच मीटर मागे नेली, तर तिचे वजन गुणिले हलवलेले अंतर भागिले आसांमधील अंतर या साध्या हिशोबाने पुढच्या चाकांवरचा सुमारे तेरा-चौदा किलो भार मागच्या चाकांवर जातो. म्हणजे गाडीच्या एकूण वजनाच्या जेमतेम दीड टक्का. मागच्या आसनावर एखादे शाळकरी मूल बसवले तरी याहून अधिक फरक पडेल. शर्यतीच्या मैदानावर जेथे सेकंदाच्या दशांशासाठी झुंज चालते तेथे या दीड टक्क्याला अर्थ असेल. अर्नाळ्याहून पापडीला जाताना तो कोणाच्याही अनुभवास येणार नाही.

लाभाचा हिशोब झाला, आता खर्चाचा. बॅटरी डिकीत गेली की तिच्यापासून स्टार्टरपर्यंत सुमारे चार मीटर जाड तार ओढावी लागते, आणि या तारेची जाडी हाच साऱ्या प्रकरणाचा गाभा आहे. एक चौरस मिलिमीटर छेदाच्या एक मीटर तांब्याच्या तारेचा रोध सुमारे ०.०१७२ ओहम असतो. पद्मिनीच्या आकाराचे इंजिन फिरवताना स्टार्टर दीडशे अँपिअर प्रवाह घेतो असे धरले, तर १६ चौरस मिलिमीटर छेदाच्या तारेत सुमारे ०.६५ व्होल्ट, २५ च्या तारेत ०.४१ व्होल्ट आणि ५० च्या तारेत ०.२१ व्होल्ट दाब वाटेतच खर्ची पडतो. सेल्फ मारताना बॅटरीचा स्वतःचा दाब दहा-साडेदहा व्होल्टपर्यंत उतरलेला असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे त्यातून ०.६५ व्होल्ट वजा होणे किती महाग पडते ते कळते. इंजिन रेंगाळत फिरते, त्याच क्षणी इग्निशन कॉइललाही कमी दाब मिळून ठिणगी दुबळी होते, आणि मालक मात्र निर्दोष बॅटरीला बोल लावून नवी घेऊन येतो. सबब, घरगुती वायरिंगची जी तार दुकानात सहज मिळते ती येथे चालणार नाही. वेल्डिंगच्या यंत्राला वापरतात तसली, बारीक तंतूंची, लवचिक आणि निदान ३५ चौरस मिलिमीटर छेदाची तांब्याची तार घ्यावी, आणि तिच्या टोकांना लग हातोडीने ठोकून न बसवता योग्य यंत्राने दाबून बसवावेत.

तार जाड घेतली की काम संपले असे मानणाऱ्यांची खरी परीक्षा वसईत होते, कारण विजेचा प्रवाह जसा बॅटरीतून निघतो तसाच तो परतही यावा लागतो, आणि जुन्या मोटारीत परतीची वाट म्हणजे गाडीचा पत्रा. नायगावच्या मिठागरांवरून आणि समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यातील क्षार पत्र्याच्या सांध्यांत शिरतो. ओलाव्यात विरघळलेला क्लोराइडचा अंश लोखंडाच्या गंजण्याला वेग देतो, आणि जो सांधा वरून रंग लावलेला सुबक दिसतो त्याच्या पोटात विजेला अडवणारा गंजाचा थर बसलेला असतो. मूळ रचनेत बॅटरी इंजिनाशेजारी असल्यामुळे परतीचा प्रवाह हातभर पत्र्यातून जात होता. स्थलांतरानंतर तो सबंध गाडीच्या लांबीतून, डिकीच्या तळापासून चासीच्या प्रत्येक डागाडागातून वाट काढत येतो. म्हणून आपल्याकडे परतीसाठीही तितक्याच जाडीची दुसरी तार थेट इंजिनाच्या ठोकळ्यापर्यंत नेणे हा अधिक खात्रीचा मार्ग होय, आणि मग वर काढलेला तुटीचा आकडा दुप्पट धरून तारेची जाडी वाढवावी लागते हेही ओघानेच आले. इंजिन रबराच्या आधारांवर बसवलेले असल्यामुळे त्याच्या आणि पत्र्याच्या दरम्यान अर्थची पट्टी असावीच लागते. ती तुटलेली वा गंजलेली असेल तर स्टार्टरचा प्रवाह ॲक्सिलरेटरच्या अथवा चोकच्या तारेतून वाट शोधतो आणि त्या बारीक तारा लाल होऊन जळतात, याचा अनुभव जुन्या वायरमन मंडळींना पुरेपूर आहे. जुन्या ब्रिटिश गाडीच्या मालकाने याखेरीज एक गोष्ट तपासावी: त्या काळच्या पुष्कळ ब्रिटिश मोटारींत बॅटरीचे धन टोक पत्र्याला जोडलेले असे, आणि स्थलांतराच्या गडबडीत ही जोडणी उलटी झाली तर डायनामो आणि रेडिओ यांची गय होत नाही.

तिसरी बाब आगीची. बॅटरीच्या दोन टोकांमध्ये प्रत्यक्ष संधान झाले तर हजार अँपिअरच्या घरातील प्रवाह सहज वाहू शकतो, आणि चार मीटर लांबीची अखंड भारलेली तार गाडीच्या पोटातून जाणार असल्यामुळे ती कोठेही सोलवटली तर तो प्रसंग ओढवतो. म्हणून तार गाडीच्या खालून, सायलेन्सरच्या धगीजवळून न नेता आतून, दाराच्या उंबऱ्यालगत गालिच्याखालून न्यावी. जेथे ती पत्र्यातून पार होते तेथे रबरी ग्रोमेट बसवावे. थोड्याथोड्या अंतरावर क्लिपांनी आवळावी. आणि बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत मोठ्या क्षमतेचा फ्यूज व हाताने बंद करण्याचा कट-ऑफ स्विच ठेवावा. जुन्या गाड्यांत स्टार्टरच्या तारेला फ्यूज नसे हे खरे, पण ती तार तेव्हा जेमतेम हातभर होती. दुसरा धोका वायूचा. भारित होताना बॅटरीतून हायड्रोजन आणि ऑक्सिजन निघतात, आणि हवेत चार टक्के हायड्रोजन झाला की तो ठिणगीची वाट पाहत असतो. उघड्या बॉनेटखाली तो वाऱ्यावर उडून जातो, बंद डिकीत मात्र साचतो. तेव्हा मागे ठेवायची बॅटरी पूर्ण बंदिस्त जातीची असावी, तिला झाकणाची पेटी आणि घट्ट आवळणारी पट्टी असावी, आणि पेटीतून एक नळी तळाखाली बाहेर काढलेली असावी. जिच्या डिकीत सीएनजीचे नळकांडे बसवले आहे अशा गाडीत बॅटरी त्याच्या शेजारी नेऊन ठेवणे हा तर अविचारच म्हटला पाहिजे.

याखेरीज या परिसराला लागू पडणारा एक मुद्दा असा, की येथे पाणी चढते. २०१८ च्या जुलैत वसई-विरार आणि नालासोपारा यांची जी दैना झाली, लोहमार्ग पाण्याखाली गेले, मिठागरांतील कुटुंबे अडकून पडली आणि रस्त्यांवर गुडघ्याच्या वर पाणी उभे राहिले, ती अनेकांच्या स्मरणात ताजी आहे. बॉनेटखालची मूळ जागा जमिनीपासून बरीच उंच असते. डिकीत मात्र स्टेपनीच्या खोलगट जागेत, तळाशी, बॅटरी ठेवण्याचा मोह होतो, कारण ती जागा रिकामी आणि आयती असते. मिठागरातून आलेले खारट पाणी त्या खोलग्यात शिरले तर बॅटरीची टोके, फ्यूज आणि स्विच हे सारे एकदम बुडतात आणि खारे पाणी विजेचे वाहक असल्यामुळे टोकांचे तांबे व शिसे झपाट्याने खाल्ले जाते. सबब, स्थलांतर करायचेच असेल तर बॅटरी डिकीच्या तळाहून वर उचललेल्या मंचावर ठेवावी आणि खोलग्यातील पाणी निघून जाण्याची रबरी बुचे शाबूत आहेत की नाहीत हे पावसाळ्यापूर्वी पाहावे.

आता हीटरकडे वळू. जुन्या मोटारीतील हीटर म्हणजे वस्तुतः एक लहानसा रेडिएटर होय. इंजिनाच्या माथ्याकडून गरम पाणी एका होज पाइपने त्याच्यात येते, दुसऱ्याने वॉटर पंपाच्या ओढीकडे परत जाते, आणि मध्ये बसवलेला पंखा त्याच्या जाळीतून हवा फुंकून ती पायांकडे अथवा समोरच्या काचेकडे लोटतो. इंजिनाची वाया जाणारी उष्णता हेच याचे इंधन. त्यामुळे चालवण्याचा खर्च जवळजवळ शून्य. हवेने थंड होणाऱ्या बीटलसारख्या गाडीत ही व्यवस्था निराळी असते. तेथे धुराच्या नळीभोवतीच्या आवरणातून हवा तापवून आत घेतात, आणि ती नळी कुजून फुटली तर कार्बन मोनॉक्साइड हा गंधहीन आणि प्राणघातक वायू प्रवाशांच्या श्वासात मिसळतो. अशा गाडीत हीटरचा मार्ग तत्काळ बंद करून दुरुस्तीला काढणे याला पर्याय नाही. पाण्याच्या हीटरचे दुखणे तुलनेने सौम्य असते: जाळी गळू लागते, कूलंटचा गोडसर वास येतो, चालकाच्या पायाखाली ओल दिसते आणि काचेवर तेलकट थर बसतो. आपल्या किनाऱ्यावरच्या मचूळ विहिरींचे पाणी वर्षानुवर्षे रेडिएटरात ओतले गेले असेल तर हे दुखणे लवकर जडते. रेडिएटरात ऊर्ध्वपातित पाणी आणि चांगले कूलंट यांखेरीज दुसरे काही घालू नये.

हीटर काढावा म्हणणाऱ्यांचे प्रमुख प्रमाण म्हणजे येथील हिवाळा, आणि ते प्रमाण बिनतोड आहे. मुंबईत सांताक्रूझच्या वेधशाळेत नोंदले गेलेले नीचांकी तापमान २२ जानेवारी १९६२ रोजीचे ७.४ अंश सेल्सिअस इतकेच आहे, आणि असा दिवस पिढीतून एखादाच येतो. पण हीटरचे काम पाय शेकण्यापुरते होते असे समजणे ही अर्धवट चौकशी झाली. त्याचे दुसरे काम काच स्वच्छ ठेवण्याचे होते, आणि ते काम वसईत जानेवारीत नव्हे, जुलैत पडते. पावसाळ्यात किनाऱ्यावरची हवा बाष्पाने इतकी संपृक्त असते की तिचा दवांक तिच्या तापमानाहून अवघा दोन-तीन अंश खाली असतो. पावसाच्या धारांनी काच तेवढी थंड झाली की चार माणसांच्या श्वासातील ओलावा तिच्या आतल्या बाजूस धुक्यासारखा बसतो आणि समोरचा रस्ता दिसेनासा होतो. अशा वेळी काचेवर सोडलेली उबदार हवा दुहेरी काम करते: काचेला दवांकाच्या वर उचलते आणि स्वतः तापल्यामुळे तिची बाष्प शोषून घेण्याची ताकद वाढते. हातातील फडक्याने काच पुसत एका हाताने सुकाणू धरणारा चालक महामार्गावर कोणत्या जोखमीत असतो ते सांगायला नको. ज्या गाडीत वातानुकूलन नाही तिच्या हीटरची गच्छंती करणे म्हणजे पावसाळ्यातील दृष्टीच काढून घेणे होय.

या यंत्राचा आणखी एक उपयोग जुने चालक जाणतात. महामार्गाच्या कोंडीत इंजिनाच्या तापमानाचा काटा लाल खुणेकडे सरकू लागला, तर हीटरचा तोटी-वाल्व पूर्ण उघडून त्याचा पंखा सुरू करावा. प्रवाशांना घाम फुटतो खरा, पण हीटरचा हा लहान रेडिएटर मोठ्याच्या मदतीला धावतो आणि रस्त्याच्या कडेला थांबण्याइतकी सवड मिळते. अखेरीस वजनाचा मुद्दा उरतो, आणि तो तर बॅटरीच्या मुद्द्याहूनही लंगडा आहे. हीटर आणि त्याच्यातले पाणी मिळून जेमतेम पाचेक किलो भरते.

एवढे ऐकूनही ज्याला हीटर काढायचाच असेल, त्याने पाण्याच्या वाटा बंद करण्याची रीत नीट समजून घ्यावी. गॅरेजात सर्रास केली जाणारी युक्ती म्हणजे दोन्ही होजची टोके एका वाकड्या नळीने एकमेकांस जोडून देणे. हिने गळती थांबते, पण इंजिनाच्या माथ्यातले गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून सतत पंपाकडे परत येत राहते, आणि तेवढी थंड करण्याची क्षमता उन्हाळ्यात फुकट जाते. याउलट दोन्ही तोंडे बूच मारून बंद करणे हे तेव्हाच सुरक्षित, जेव्हा इंजिनात थर्मोस्टॅट बंद असताना पाणी फिरत राहण्यासाठी स्वतंत्र बायपासची वाट असते. ती नसेल तर माथ्यात स्थिर राहिलेले पाणी जागच्या जागी उकळते आणि हेड गॅस्केट फुटण्याची वेळ येते. तेव्हा आधी आपल्या इंजिनाची रचना पाहावी आणि मगच निर्णय करावा. काम झाल्यावर पाणी भरताना आत अडकलेली हवा काढून टाकणेही तितकेच अगत्याचे आहे. हीटर निघाल्यावर इंजिन आणि बैठक यांच्यामधील पत्र्यात जी भोके उघडी पडतात ती रबरी गॅस्केट आणि स्क्रूंनी बसवलेल्या पत्र्याने बंद करावीत, वेल्डिंगने नव्हे. भोके उघडी राहिली तर धूर, पाणी आणि प्रसंगी आग यांना ती आयतीच वाट होते. जुन्या गाड्यांत उष्णतारोधक म्हणून ॲस्बेस्टॉसचा वापर होत असे, हे ध्यानात ठेवून त्या पत्र्यामागचे जुने अस्तर कोरडे खरवडू नये, आणि खरवडणाऱ्या पोराच्या नाकाला नुसता रुमाल बांधून समाधान मानू नये.

सरकारी दप्तराची बाजूही पाहिली पाहिजे. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा झाला आणि वसईच्या परिवहन कार्यालयाकडे नोंदलेल्या गाड्या ‘एमएच ४८’ या क्रमांकाने ओळखल्या जातात. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ अन्वये नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा फेरबदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ही मर्यादा अधिक स्पष्ट केली आहे. बॅटरीची जागा अथवा हीटर यांची नोंद त्या प्रमाणपत्रात नसते, त्यामुळे ही कामे त्या कलमाच्या कचाट्यात सहसा येऊ नयेत. पण केंद्र सरकारने २०२१ साली विंटेज वाहनांसाठी जे नियम केले ते अधिक बारकाईने वाचावेत. प्रथम नोंदणीपासून पन्नास वर्षे पुरी झालेली, खाजगी वापराची आणि जिच्या चासीत, सांगाड्यात वा इंजिनात ठळक फेरफार झालेला नाही अशीच गाडी या वर्गात बसते; तिला ‘व्हीए’ ही अक्षरे असलेला क्रमांक मिळतो, नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये आहे आणि नोंदणी दहा वर्षे चालते. १९६४ नंतरच्या डिलाइट या वर्गात केव्हाच पोचल्या आहेत आणि पहिल्या पद्मिनीही आता पोचू लागल्या आहेत. बॅटरीसाठी डिकीचा तळ कापणे किंवा हीटरसाठी पुढचा पत्रा कापणे यांमुळे ज्या सांगाड्यावर हा दर्जा अवलंबून आहे त्यालाच हात लागतो, ही गोष्ट मालकाने करवत हाती घेण्यापूर्वी लक्षात आणावी.

या साऱ्या जमाखर्चाचा निवाडा करायचा तर तो असा. वसई-विरारच्या हवेत बॅटरी मागे नेण्यास उष्णता हे खरे कारण आहे, तोल हे नाही. आणि जाड तार, स्वतंत्र परतीची वाट, फ्यूज, बंदिस्त पेटी आणि तळाहून उंच जागा या पाचही गोष्टी पुऱ्या करण्याची तयारी नसेल तर बॅटरी जेथे आहे तेथेच ठेवून तिच्या आणि इंजिनाच्या मध्ये उष्णता अडवणारा एक साधा पत्र्याचा पडदा उभा करणे हे स्वस्त आणि शहाणपणाचे आहे. हीटर मात्र काढू नये. त्याची जाळी साफ करून घ्यावी, होज आणि वाल्व बदलावेत, आणि ऑक्टोबर ते मे त्याचा वाल्व बंद ठेवून पहिल्या पावसाबरोबर तो उघडावा. दोहोंपैकी कोणताही बदल केलाच, तर तो परत फिरवता येईल असाच असावा: बॅटरीचे मूळ तबक, त्याचे क्लॅम्प, काढलेला हीटर आणि त्याचे स्क्रूसुद्धा चिठ्ठी लावून जपून ठेवावेत, कोणती तार कोठून नेली आहे याचा नकाशा आणि केलेल्या कामाची तारीख एका कागदावर लिहून तो गाडीच्या कागदपत्रांत ठेवावा. आपल्या मागून ही गाडी ज्याच्या ताब्यात जाईल त्याला ती कैफियत मिळालीच पाहिजे, आणि ती लिहून ठेवणे हे प्रत्येक जुन्या मोटारीच्या मालकाचे कर्तव्य आहे.